राणीचा केसपेपर मागितला, तर तो नव्हताच

येळ्ळूरची_लेक

नमस्कार मंडळी. आमची राणी गेली त्याला काल अकरा दिवस झाले. घरातले माणूस गेले असते तर एव्हाना तेराव्याची यादी सुरू झाली असती आणि चार माणसे येऊन बसली असती. कुत्रीसाठी अकराव्या दिवशीही डोळ्यांना पाणी येते, हे बेळगावातल्या वडगावच्या आमच्या गल्लीत कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहीत आहे.

राणी सात वर्षांची होती. आई मुधोळ जातीची, बाप गावठी. त्यामुळे अंगाने आईवर गेलेली, लांब पायांची आणि पोट पाठीला लागलेली. वटपौर्णिमेच्या सुमारास ती माजावर येऊन गेली होती. त्यानंतर पाचएक आठवड्यांनी तिने खाणे कमी केले, आणि पाणी मात्र इतके प्यायला लागली की अंगणातली छोटी बादली दिवसातून तीनदा भरावी लागे. तिचे आत गेलेले पोट थोडे भरल्यासारखे दिसत होते. पावसात फिरायला नेता येत नाही म्हणून बाईसाहेब सुटल्या आहेत, अशी आम्ही तिची थट्टा केली. ही थट्टा मला आता आठवू नये असे वाटते.

बुधवारी आम्ही तिला आमच्या नेहमीच्या दवाखान्यात नेले. दारापाशी कंपाउंडरने नाव, वय आणि तक्रार विचारून वहीत लिहिली. डॉक्टरांनी पोटाला हात लावला, "पावसाळ्यात पोट बिघडतेच" असे म्हणाले आणि दोन इंजेक्शने दिली. गुरुवारी तिला उलट्या झाल्या, तेव्हा सलाईन लावली. शुक्रवारी पुन्हा सलाईन. शनिवारी तिचे मागचे पाय लटपटत होते, पण त्या दिवशी डॉक्टर नव्हते. कंपाउंडरनेच सलाईन लावली आणि सोमवारी या असे सांगितले. त्या संध्याकाळी न राहवून आम्ही शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यात गेलो. तिथे सोनोग्राफी झाली आणि पाचच मिनिटांत निदान कळले, की गर्भाशय पुवाने भरले आहे, तोंड बंद असल्यामुळे पू बाहेर येत नाही आणि शस्त्रक्रिया ताबडतोब करायला हवी. मात्र रात्री भूल देऊन एवढी मोठी शस्त्रक्रिया करण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती, म्हणून त्यांनी कोल्हापूरला फोन लावून दिला.

रात्री साडेअकराला आम्ही निघालो. यजमान गाडी चालवत होते आणि मी मागे तिचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. काकतीपासून पाऊस इतका होता की काच पुसूनही पुढचे दिसत नव्हते. हत्तरगीचा टोलनाका येण्याच्या थोडे आधी तिने मान उचलली, माझ्या हाताला नाक लावले आणि पुन्हा खाली ठेवली. टोलवर गाडी थांबली तेव्हा वरच्या पिवळ्या उजेडात मला तिची जीभ दिसली. यजमानांना मी लगेच सांगितले नाही. टोल ओलांडून गाडी पुढे गेली, आणि पुढच्या वळणावरून आम्ही परत फिरलो. पहाटे येळ्ळूरला माझ्या माहेरच्या शेताच्या बांधावर तिला ठेवले. भाताची खाचरे भरलेली होती; भाऊ खड्डा खणत होता तसतसे त्यात पाणी साचत होते.

आता मूळ मुद्दा. चार दिवसांनी मी पहिल्या दवाखान्यात जाऊन तिचा केसपेपर मागितला. त्यांनी सांगितले की असा काही कागद नसतो. माझ्याकडे पैशांच्या चार पावत्या आहेत, आणि त्यांवर रकमेशिवाय काहीही नाही. कोणती औषधे दिली, किती दिली, काय समजून दिली, याचा मागमूस कुठेही नाही. मला भांडण नको आहे आणि भरपाईही नको आहे. ती खूप पाणी पिते, हे मी पहिल्या दिवशी सांगितले होते असे मला पक्के आठवते. पण दहा रात्री तेच तेच घोळवल्यावर आता वाटू लागले आहे की खरेच सांगितले होते, की सांगायचे राहून गेले? या दवाखान्याकडून काही लेखी मिळण्याचा मार्ग आहे का, हे कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावे.

मलप्रभाकाठ

अक्का, वाचून गलबलून आले. आमच्या खानापुरात गुरांचा दवाखाना आहे, पण कुत्र्यामांजरांसाठी बेळगावच गाठावे लागते, त्यामुळे अशा रात्री आम्हालाही परक्या नाहीत. केसपेपरचे मला माहीत नाही. इथे जाणकार आहेत, ते सांगतीलच.

स्पष्टवक्ता_निपाणी

आपल्या दुःखाबद्दल सहानुभूती आहे, तरीही एक गोष्ट कोणीतरी बोलायला हवी म्हणून बोलतो. सात वर्षांच्या मादीचे ऑपरेशन वेळेवर करून घेतले असते, तर हा आजार झालाच नसता. गर्भाशयच नसेल तर त्यात पू कुठून होणार? आपण पाळीव प्राणी हौसेने आणतो, ऑपरेशनचा खर्च आणि धास्ती टाळतो, आणि शेवटी खापर डॉक्टरांवर फोडतो. डॉक्टर चुकले असतीलही, पण चुकांची यादी करायचीच असेल तर ती आपल्या घरापासून सुरू करावी.

येळ्ळूरची_लेक

आपण लिहिले ते खरे आहे, आणि ते मला मान्य आहे. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनचा विषय निघाला होता. सासूबाई म्हणाल्या की मुक्या जनावराची कूस कापू नये, आणि मला स्वतःला भुलीची भीती वाटत होती, म्हणून ते राहून गेले. ती चूक माझी आहे आणि ती मी कोणाच्या माथी मारणार नाही. मात्र माझ्या चुकीमुळे आजार झाला असला, तरी चार दिवस तो ओळखला का गेला नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि माझी चूक कबूल केल्याने त्याचे उत्तर मिळत नाही.

निवृत्त_पशुवैद्य

ताई, मी सरकारी नोकरीत तीस वर्षांहून अधिक काळ काढला, त्यातला बराचसा गाईम्हशींमध्ये गेला, पण कुत्रीही पुष्कळ पाहिली. आपल्याला समजेल अशा भाषेत काही सांगतो, आणि माझ्याच पेशातल्या माणसाविषयी बोलायचे असल्यामुळे जपून सांगतो.

या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. माज संपल्यानंतर साधारण दोन ते आठ आठवड्यांत तो होतो. या काळात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर जाड होते, गर्भाशयाचे तोंड मिटते आणि आत शिरलेल्या जंतूंना, त्यातही बहुधा ई. कोलायला, वाढायला आयते घर मिळते. तोंड थोडे उघडे असेल तर मागून पू गळतो आणि घरच्यांना शंका येते. तोंड पूर्ण मिटलेले असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि हा प्रकार जास्त घातक असतो. त्या जंतूंचे विष मूत्रपिंडांवर परिणाम करते, लघवी घट्ट करण्याची त्यांची ताकद जाते, म्हणून जनावर सारखे पाणी पिते आणि सारखी लघवी करते. आपली बादली तीनदा भरावी लागत होती, ते याच कारणाने. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींवरून तेथील संशोधकांनी दाखवले आहे की ऑपरेशन न केलेल्या माद्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश माद्यांना दहा वर्षे वयापर्यंत हा आजार होतो. म्हणजे हा दुर्मीळ आजार नव्हे, तो पाठ्यपुस्तकातला आजार आहे.

ऑपरेशन न केलेली मध्यम वयाची मादी, नुकताच होऊन गेलेला माज, अन्नावरची वासना गेलेली आणि तहान वाढलेली, ही चार लक्षणे एकत्र दिसली की पायोमेट्रा नाही ना, हे आधी तपासायचे आणि मगच बाकीचे पाहायचे, असे आम्हाला शिकवले जाते. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी बहुधा वाढलेल्या मिळतात, आणि सोनोग्राफीत चित्र सहसा स्पष्ट होते. उपाय म्हणजे सलाईन आणि प्रतिजैविके देऊन जनावर सावरायचे आणि गर्भाशय काढून टाकायचे. त्या डॉक्टरांनी माजाबद्दल विचारले होते का, हे मला ठाऊक नाही. विचारले नसेल तर ती चूक आहे, आणि ती मी झाकणार नाही.

मला आपल्याला तीन प्रश्न विचारायचे आहेत. बुधवारी तिचे वजन केले होते का? कुत्र्याच्या बहुतेक औषधांची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे तपासणीची सुरुवात काट्यापासून होते. दुसरे, दिलेल्या इंजेक्शनांत वेदनाशामक किंवा स्टिरॉईड होते का? शरीरातले पाणी कमी झालेले असताना वेदनाशामकाने मूत्रपिंडांवर आणखी ताण येतो. आणि तिसरे, तिला माज येऊ नये म्हणून कधी इंजेक्शन दिले होते का? हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

येळ्ळूरची_लेक

काका, आपला तिसरा प्रश्न वाचल्यावर मी उठून कपाटातली तिची लसीकरणाची पुस्तिका काढली. पुढच्या पानांवर नाइन इन वन आणि रेबीजच्या लशींची स्टिकरे आहेत. अगदी शेवटच्या कोऱ्या पानावर पेनाने दोन ओळी लिहिलेल्या आहेत, एक तीन वर्षांपूर्वीची आणि एक त्याच्या पुढच्या वर्षीची. दोन्ही ओळींत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन असे लिहिले आहे आणि पुढे डॉक्टरांची सही आहे. ती माजावर आली की गल्लीतली सगळी कुत्री फाटकापाशी रात्रभर भुंकत. शेजारच्यांनी तक्रार केली म्हणून मीच दवाखान्यात विचारले होते, आणि त्यांनी "एक इंजेक्शन दिले की त्रास नाही" असे सांगितले होते. इंजेक्शन त्याच दवाखान्यातले आहे.

वजन केले होते की नाही, हे आठवत नाही. काटा दाराशीच असतो, पण त्या दिवशी तिला त्यावर उभे केल्याचे चित्र डोळ्यांसमोर येत नाही.

निवृत्त_पशुवैद्य

ते इंजेक्शन प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करते. म्हणजे आजाराचे जे मूळ कारण मी वर सांगितले, तेच बाहेरून दिल्यासारखे होते, आणि त्यामुळे पायोमेट्राचा धोका वाढतो हे जुने ज्ञान आहे. ते देऊच नये असे मी म्हणत नाही. एके काळी मीही दिले आहे. मात्र ते देताना "पुढे माजानंतर तहान वाढली किंवा खाणे सुटले तर त्याच दिवशी आणा" एवढे एक वाक्य मालकाला सांगणे आवश्यक असते. ताई, आपल्याला ते सांगितले गेले नाही. त्यामुळे आपण स्वतःला जो दोष देत आहात, त्यातला निम्मा तरी खाली ठेवावा.

स्पष्टवक्ता_निपाणी

इंजेक्शनाची माहिती मला नव्हती. माझा आधीचा सूर कडक होता, तो मागे घेतो. ऑपरेशनविषयीचे मत मात्र कायम आहे.

चिकोडीचा_गुरवैद्य

मी स्वतः चिकोडी भागात व्यवसाय करणारा तरुण पशुवैद्य आहे. इथे सर्वांचा राग वाढत चालला आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो. त्या दवाखान्याची वकिली करण्याचा माझा हेतू नाही.

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते आणि त्यात गाय, म्हैस, शेळी, घोडा, कोंबडी, डुक्कर आणि कुत्रे असे सगळे शिकायचे असते. आमच्या जिल्ह्यात पोट भरते ते म्हशींवर, त्यामुळे पदवीनंतर हात बसतो तोही म्हशींवर. सरकारचा १९६२ हा मदत क्रमांक आणि फिरती वाहने आहेत, पण त्यांचा रोख मुख्यतः गोठ्यांकडे असतो आणि तो तसा असणे रास्तही आहे. माणसांच्या दवाखान्यात भूल देणारा वेगळा, शस्त्रक्रिया करणारा वेगळा आणि रक्त तपासणारा वेगळा असतो. आमच्याकडे हे सगळे एकच माणूस करतो, आणि बिल बनवणाराही बहुधा तोच असतो. अंगात विष भिनलेल्या कुत्रीला भूल देऊन गर्भाशय काढायचे म्हणजे टेबलावरच जीव जाण्याची शक्यता असते. त्यामुळे सोनोग्राफी करणाऱ्या दुसऱ्या दवाखान्याने रात्री कोल्हापूरला पाठवले, यात मला दोष दिसत नाही. महामार्गावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण रात्री बाराला जवळपास तीनशे किलोमीटर कोण जाणार?

एवढे सांगून झाल्यावर हेही सांगतो की साधनांचा अभाव ही सबब बुधवारी लागू पडत नाही. "तुमची कुत्री माजावर कधी आली होती" हे विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही. माझ्याकडे सोनोग्राफी नाही, म्हणून शंका आली की मी चिठ्ठीवर लिहून देतो की आजच बेळगावला किंवा कोल्हापूरला जाऊन अमुक तपासणी करा. असे लिहिले की गिऱ्हाईक जाते, हे खरे आहे. दोन महिन्यांपूर्वी असेच एक मांजर पाठवले, ते बरे झाले, आणि ते कुटुंब पुन्हा माझ्याकडे फिरकले नाही. अशा वेळी वाईट वाटते, हे लपवून उपयोग नाही. आणि शनिवारी डॉक्टर नसताना कंपाउंडरने आपल्या मनाने सलाईन लावणे हे मात्र नियमाला धरून नाही.

कज्जेदलाल

नावावर जाऊ नका, मी वकिली करतो आणि हे नाव घरच्यांनी ठेवले आहे. ताईंच्या मूळ प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पशुवैद्यांच्या पेशाला १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा लागू आहे. या कायद्याच्या कलम ३० प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यालाच पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येतो. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या सहाय्यकाला सरकारने परवानगी दिली असेल, तर तो किरकोळ सेवा देऊ शकतो, पण त्याही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली आणि सूचनेप्रमाणे. शनिवारचा प्रकार या चौकटीत बसतो का, हे विचारण्याजोगे आहे. पेशाच्या आचारसंहितेचे नियम १९९२ चे आहेत. आचरणाविषयीची तक्रार डॉक्टरांची नोंदणी ज्या राज्याच्या परिषदेकडे आहे तिथे करायची असते. सीमाभागात ही बाब आधी तपासावी, कारण इथे व्यवसाय करणाऱ्यांपैकी काहींचे शिक्षण आणि पहिली नोंदणी महाराष्ट्रातली असते. परिषद पैसे मिळवून देत नाही, तिचा विषय डॉक्टरांचे वर्तन हा आहे.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. खासगी दवाखान्यात पैसे देऊन घेतलेली सेवा म्हणून ही तक्रार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मांडता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याचे शुल्क लागत नाही. पण ताई, मी अशिलाला आधी वाईट बातमी सांगतो. निदान चुकले एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. साधारण कौशल्याच्या पशुवैद्याने त्या परिस्थितीत जे केले असते ते इथे केले गेले नाही, असे दाखवावे लागते, आणि त्यासाठी दुसऱ्या पशुवैद्याचे लेखी मत लागते. एका डॉक्टराविरुद्ध दुसरा डॉक्टर सही करत नाही, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. शवविच्छेदन झालेले नाही, हीदेखील अडचणच आहे. आपल्या बाजूने सोनोग्राफीचा अहवाल, चार पावत्या आणि ती पुस्तिका आहे. पुस्तिका जपून ठेवा आणि त्या शेवटच्या पानाचा आजच फोटो काढा. कायद्याच्या नजरेत कुत्रा ही मालमत्ता असते, त्यामुळे भरपाईच्या आकड्याविषयी फार अपेक्षा ठेवू नयेत. आपल्याला ती नकोच आहे, हे मी वाचले आहे.

आता आपल्याला जे हवे आहे त्याविषयी. केसपेपर नसला तरी वही असते. कंपाउंडरने दारात वहीत लिहिले असे आपण पहिल्याच निवेदनात म्हटले आहे, आणि तिकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. तोंडी मागू नका. तारखा घालून, "अमुक चार दिवसांच्या उपचारांच्या नोंदींची प्रत मिळावी" असे साधे पत्र लिहा, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत स्वतः घेऊन जा. पत्रात आरोपाचा एकही शब्द नको.

मलप्रभाकाठ

वकीलसाहेब, एक शंका विचारतो. गेल्या वर्षी आम्ही आमच्या बोक्याला कोल्हापूरला नेले होते. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांची धाव तिकडेच असते. तिथे काही बिनसले तर तक्रारीसाठी पुन्हा कोल्हापूरला खेटे घालायचे का? आणि इथे बेळगावात संमतीपत्र इंग्रजीत पुढे करतात, क्वचित कन्नडमध्ये, आणि आम्ही न वाचता सही करतो. त्याचे काय?

कज्जेदलाल

पहिल्याचे उत्तर सुखाचे आहे. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. आधीच्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. म्हणजे उपचार कोल्हापुरात झाले असले तरी बेळगावच्या माणसाला बेळगावात तक्रार दाखल करता येईल. १९५६ पासून या सीमेने आपल्याला कागदासाठी हेलपाटेच घालायला लावले, तेव्हा एखादी गोष्ट सोपी झाली तर ती सांगायला बरे वाटते.

संमतीपत्राचे असे आहे, की सही करण्यापूर्वी "यात काय लिहिले आहे ते मराठीत सांगा" एवढे म्हणायला लाजू नये. सांगतात, नाही असे नाही. आणि सही केल्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

स्पष्टवक्ता_निपाणी

भाषेचा मुद्दा निघालाच आहे, तर विचारतो. ताई, आपण मराठीत सांगितले आणि डॉक्टरांना समजलेच नाही, असे तर झाले नसेल?

येळ्ळूरची_लेक

नाही. डॉक्टर आमच्याइतकेच चांगले मराठी बोलतात. याला कृपया भाषेचे भांडण करू नये.

वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे पत्र लिहिले आहे. तीनदा फाडून चौथ्यांदा आरोपाशिवाय लिहिता आले. सोमवारी टपालात टाकते.

येळ्ळूरची_लेक

नऊ दिवसांनी पुन्हा लिहीत आहे. पोचपावती परत आली, पण उत्तर आले नाही, म्हणून काल संध्याकाळी प्रत घेऊन स्वतः गेले. यजमान बाहेर गाडीत थांबले. डॉक्टर मला पाहून उठून उभे राहिले, हे मी नमूद करते, कारण आधीच्या वेळी त्यांनी मान वर केली नव्हती. पत्र त्यांना मिळाले होते. ते म्हणाले की केसपेपर खरोखरच ठेवत नाहीत, पण वही आहे, आणि कंपाउंडरला ती आणायला सांगितली.

लांबट, जाड पुठ्ठ्याची वही आहे, हिशेबाची असते तशी. सलाईनचे थेंब पडून कडा फुगल्या आहेत. कंपाउंडर मुलगा बैलहोंगलकडचा आहे. तो बोलतो दोन्ही भाषांत, पण लिहितो कन्नडमध्ये. बुधवारच्या पानावर खालून तिसरी ओळ राणीची होती. मला कन्नड वाचता येते. सरकारी कामासाठी शिकावेच लागले. नाव, मादी, सात वर्षे, आणि तक्रारीच्या रकान्यात त्याने लिहिले होते: "ऊट इल्ल. नीरु तुंबा कुडियुत्तदे." जेवण नाही, पाणी खूप पिते.

मी ती ओळ मोठ्याने वाचली. डॉक्टर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की वही ते संध्याकाळी हिशेबापुरती पाहतात, तपासताना ती समोर नसते. इंजेक्शनाविषयी मी विचारले तेव्हा पुस्तिकेतली सही आपलीच आहे हे त्यांनी मान्य केले, आणि धोका तेव्हा सांगितला होता की नाही हे आठवत नाही असे म्हणाले. ते खरे असेलही, कारण मलाही वजनाचे आठवत नव्हते. चारही दिवसांच्या पानांचे फोटो त्यांनी काढू दिले. माफी मागितली नाही. मी निघताना त्या कंपाउंडर मुलाने दार उघडून धरले आणि कन्नडमध्ये विचारले, की अक्का, ती मोठ्या कानांचीच ना? मी हो म्हटले.

पुढे परिषदेकडे जायचे की नाही, हे अजून ठरवलेले नाही. यजमान जाऊ या म्हणतात. काल रात्री मात्र मी झोपले. मी सांगितले होते, पहिल्याच दिवशी सांगितले होते.

कज्जेदलाल

त्या फोटोंची छापील प्रत काढून ठेवा आणि फोनमधले मूळ फोटो पुसू नका. दोन वर्षे आहेत, घाई नाही.

निवृत्त_पशुवैद्य

ताई, पेशातला माणूस म्हणून मीच आपली क्षमा मागतो. एक विचारू का? त्या वहीत वजनाचा रकाना असेल, त्यात काय लिहिले आहे?

येळ्ळूरची_लेक

आत्ताच फोटो मोठा करून पाहिला, काका. रकाना आहे. तो चारही दिवस रिकामा आहे. वरच्या ओळीत कोणाच्या तरी शेळीचे वजन लिहिलेले आहे.